वाढीव अश्वशक्ति आणि इंधनाची वाट



जुन्या घरांत राहणाऱ्या पुष्कळांच्या अनुभवाची एक गोष्ट प्रथम सांगतों. गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि तिच्यापासून अर्ध्या इंची नळी खालीं आलेली असते. कुटुंब वाढतें, वरच्या मजल्यावर एक नवें न्हाणीघर निघतें, स्वयंपाकघरांत आणखी एक नळ बसतो. नळ मोठ्या तोंडाचे, चकचकीत, भारी किमतीचे. पहिला दिवस कौतुकांत जातो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खालीं कोणी भांडीं विसळावयास घेतलीं कीं वर अंगाला साबण लावून उभा असलेला मनुष्य हांका मारूं लागतो. मग नळकाम करणारा कारागीर येतो. तो नव्या नळांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. सरळ गच्चीवर जातो आणि विचारतो, ‘नळ बदललेत, पण नळी कोणी बदलावयाची?’

आज मी डिझेल ट्रकविषयीं बोलणार आहें. ट्रकची अश्वशक्ति वाढवावयाची असेल तर त्याच्या इंधनपुरवठ्यांत कोणत्या सुधारणा कराव्या लागतात, आणि त्या कोणत्या क्रमानें कराव्या, हा आजचा विषय. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि मुलांना अंकगणित व सामान्य विज्ञान शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. परंतु जें शास्त्र मीं फळ्यावर शिकविलें तेंच एका ट्रकच्या पोटांत पाहण्याचा योग आला, आणि त्याचा विसर पडला तर कुटुंबावर कसा प्रसंग येतो हेंहि कळलें.

माझा भाचा बरींच वर्षें अमेरिकेंत आहे. तिकडे पिकअप नांवाच्या ट्रकचें मोठें प्रस्थ आहे. पुढें माणसें बसण्याची खोली, मागें उघडा हौदा, आणि त्याच्या मागें जोडावयाचा ट्रेलर. शेतकरी त्यांतून गवताचे भारे नेतो, सुतार लांकडें नेतो, आणि हौशी माणूस सुटींत चाकांवरचें राहतें घरच ओढून नेतो. भाच्यानें असा एक जुना डिझेल ट्रक घेतला. ओढ थोडी कमी पडते असें वाटून त्यानें मोठ्या भोंकांचे इंजेक्टर आणून बसविले. सपाट रस्त्यावर ट्रक असा उसळूं लागला कीं त्यानें मला मुद्दाम फोन करून सांगितलें, ‘मामा, आतां गाडीला पंख फुटले.’

त्याच उन्हाळ्यांत बायकोमुलांना घेऊन, ट्रेलर ओढीत, तो कोलोराडो संस्थानांतील डोंगर चढत होता. डेन्व्हर शहराच्या पश्चिमेस आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा रस्ता सुमारे ११,००० फूट उंचीपर्यंत चढतो. बोगदा कांहीं मैलांवर राहिला असतां एंजिन आचके देऊं लागलें, जोर ओसरला, आणि गाडी कशीबशी कडेला येऊन बंद पडली. मागून येणारीं अवजड वाहनें, डोंगरावरची संध्याकाळची थंडी, आणि गाडींत दोन लहान मुलें. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत तीन तास गेले. ट्रक कोणत्या कारखान्याचा हें मी सांगत नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हता. दोष भाच्यानें धरलेल्या क्रमाचा होता.

पुढील वर्षीं मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां ट्रक दुरुस्तीसाठीं उघडलेला होता. मीं पाने हातांत देण्याचें काम पत्करलें. मदतीस येणारा तेथील एक वयस्क मिस्त्री होता. त्याचें बोलणें मला भाच्यानें मराठींत सांगितलें तें असें: ‘एंजिनाचें तोंड मोठें केलेंत, पण घास भरविणारा हात जुनाच ठेवलात.’ सबंध विषयाचें सार या वाक्यांत आहे. तें नीट समजण्यासाठीं प्रथम हा घास म्हणजे काय तें पाहूं.

पेट्रोलच्या एंजिनांत विजेची ठिणगी इंधन पेटविते. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. तेथें दट्ट्या नुसती हवा दाबतो. ती मूळच्या जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यांत कोंबली गेली कीं इतकी तापते कीं त्या क्षणीं आंत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, तें ज्यानें हात लावून पाहिलें असेल त्याला हें सांगावयास नको. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें, तेव्हां इंधन आंत लोटण्यासाठीं दाबलेली हवा वापरीत आणि तिच्यासाठीं एंजिनाला हवा दाबणारें जड यंत्र जोडीत. असलें धूड कारखान्यांत किंवा जहाजावर शोभे. रस्त्यावरच्या गाडीला तें पेलणें कठीण होतें. पुढें हवेशिवाय केवळ पंपानेंच इंधन फवारण्याची रीति निघाली. रॉबर्ट बॉश यांच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यानें १९२७ सालीं असे पंप मोठ्या प्रमाणावर करण्यास आरंभ केला, आणि डिझेल एंजिनाला रस्ता मोकळा झाला.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. पेट्रोल एंजिनाचा जोर साधारणपणें आंत जाणाऱ्या हवेला झडप आडवी घालून आवरतात. डिझेल एंजिनांत हवा बहुतांशीं मोकळी असते. लगाम असतो तो इंधनाचा. पायाखालची पट्टी दाबली कीं अधिक इंधन जातें आणि जोर वाढतो. म्हणून डिझेल एंजिनाची अश्वशक्ति वाढविणें म्हणजे त्याला अधिक इंधन देणें, आणि तें पुरतें जळेल एवढी हवा देणें. बाकी सर्व बदल या दोन गोष्टींच्या दिमतीला असतात.

आतां आपण एक गणित करूं. तें तोंडी होण्यासारखें आहे. चांगल्या डिझेल एंजिनाकडून १०० अश्वशक्ति तासभर घ्यावयाची तर ढोबळ मानानें २१ लिटर इंधन लागतें. मग २४० अश्वशक्तीस सुमारे ५० लिटर झालें. एंजिन सहा सिलिंडरांचें असून मिनिटास २५०० फेरे करतें असें धरूं. प्रत्येक सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांस एकदां इंधन फवारलें जातें. म्हणजे मिनिटास १२५० वेळां. सहा सिलिंडरांचे मिळून मिनिटास ७५०० फवारे आणि तासास साडेचार लक्ष फवारे. ५० लिटर साडेचार लक्षांत वांटले तर एका फवाऱ्याच्या वांट्यास एका मिलिलिटरचा साधारण नववा हिस्सा येतो. डोळ्यांत औषध घालण्याच्या नळींतले दोन-सव्वादोन थेंब! हे दोन थेंब मिलिमीटरच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या भोंकांतून, एका सेकंदाच्या हजार भागांपैकीं एक-दोन भागांत, धुक्यासारखे बारीक होऊन आंत गेले पाहिजेत. आपल्याला याच एंजिनाकडून ४०० अश्वशक्ति हवी असेल तर थेंब पावणेचार होतील. वेळ मात्र तेवढाच राहील.

तेवढ्याच वेळांत जास्त थेंब लोटण्याचे उपाय तीन. पहिला, भोंकें मोठीं करणें. पण भोंक मोठें झालें कीं त्याच दाबाला थेंबहि जाड होतो, आणि जाड थेंब पुरता जळत नाहीं. दुसरा, दाब वाढविणें. येथें निसर्ग फार कंजूष आहे. भोंकांतून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. दाब चौपट करावा तेव्हां प्रवाह दुप्पट होतो. तिसरा, फवाऱ्याचा वेळ लांबविणें. पण फार लांबविला तर दट्ट्या खालीं निघून गेल्यावरहि इंधन जळत राहतें. त्याची उष्णता कामास न लागतां धुराड्यांतून निघून जाते आणि जातां जातां एंजिनाला भाजते. म्हणून जाणता कारागीर तिन्ही उपायांचा मेळ घालतो, आणि तत्पूर्वीं एक प्रश्न विचारतो: हें जास्त इंधन भोंकापर्यंत येणार कोठून?

तें येतें टाकींतून. टाकींतील इंधन एक लहान पंप ओढून पुढें पाठवितो; त्याला आपण पुरवठ्याचा पंप म्हणूं. मग गाळण्या, म्हणजे फिल्टर, येतात. त्यापुढें मुख्य पंप. तो इंधनाला प्रचंड दाब देतो. तेथून तें जाड नळ्यांतून इंजेक्टरांकडे जातें. जें उरतें तें परतीच्या नळीनें टाकींत येतें. हें उरलेलें इंधन वायां जात नाहीं. तें मुख्य पंपाची उष्णता वाहून नेतें, आंत अडकलेली हवा बाहेर काढतें, आणि पंपाच्या सरकत्या भागांना वंगण पुरवितें. मुख्य पंपाला इंधन हेंच अन्न, इंधन हेंच पाणी आणि इंधन हेंच तेल. म्हणूनच जळणाऱ्या इंधनाच्या कितीतरी पट इंधन त्याच्यातून खेळतें राहावें लागतें. तासाला ऐंशी-पंचाऐंशी लिटर जाळणाऱ्या एंजिनासाठीं तासाला ४०० ते ५५० लिटर देणारा पुरवठ्याचा पंप बसवितात, तो उधळेपणा नव्हे.

या गोष्टीचें उत्तम उदाहरण एका एंजिनाच्या इतिहासांत सांपडतें. कमिन्स हें नांव पुणेकरांना परकें नाहीं. १९६२ सालीं किर्लोस्करांच्या भागीदारींत किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी पुण्यांत निघाली. मूळ कमिन्स कंपनी अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कोलंबस या गांवीं १९१९ सालीं स्थापन झाली. तिचें ५.९ लिटरचें सहा सिलिंडरांचें एंजिन १९८९ पासून डॉज पिकअपमध्यें मिळूं लागलें, तेव्हां त्याची शक्ति १६० अश्वशक्ति होती. २००४ च्या सुमारास, तेवढ्याच आकारमानाच्या एंजिनाची शक्ति कारखान्यांतूनच ३२५ झाली. आकार तोच आणि शक्ति दुप्पट! मधल्या पंधरा वर्षांत हवा भरणारा टर्बोचार्जर सुधारला, डोक्यावरच्या झडपा बाराच्या चोवीस झाल्या. पण सर्वांत मोठीं स्थित्यंतरें झालीं तीं इंधनाच्या पंपांत.

आरंभीं एकाच दट्ट्याच्या आळीपाळीनें सहाहि सिलिंडरांना वांटा देणारा फिरता पंप होता. १९९४ पासून पी-७१०० नांवाचा पंप आला. यांत सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र दट्टे एका रांगेंत बसविलेले असतात, आणि एक दांतेरी पट्टी सरकवून सर्वांचें माप एकदम कमी-अधिक होतें. हौशी कारागिरांचा हा लाडका पंप. पट्टीला मर्यादा घालणारा लोखंडी तुकडा बदलला, नियंत्रकाच्या स्प्रिंगा बदलल्या कीं इंधन वाढतें. सर्व काम पान्यानें आणि स्क्रू-ड्रायव्हरनें. मात्र त्याच्या तोंडाशीं दर चौरस इंचास २५ ते ३५ पौंड दाबाचा पुरवठा अखंड असावा लागतो. १९९८ च्या मध्यावर त्याची जागा व्हीपी-४४ या विजेच्या आज्ञेवर चालणाऱ्या फिरत्या पंपानें घेतली. त्याची विद्युत्-यंत्रणा त्याच्याच डोक्यावर बसविलेली असून तिची उष्णता इंधनाच्या प्रवाहानेंच निघते. पुरवठ्याचा दाब १० पौंडांच्या खालीं घसरूं देऊं नये, असा या पंपाविषयींचा कारागिरांचा दंडक आहे.

२००३ पासून सामाईक नळीची पद्धति आली. तिला कॉमन रेल म्हणतात. सीपी-३ नांवाचा पंप एका जाड नळींत इंधन कोंडून ठेवतो. दाब १६०० बारपर्यंत, म्हणजे दर चौरस इंचास २३,००० पौंडांहून अधिक. इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतात आणि मिटतात. येथें शक्ति वाढवावयास पाना लागत नाहीं. संगणकांतील आंकडे बदलून इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवले कीं झालें. परंतु पंप नळींत जितकें भरतो त्याहून अधिक इंजेक्टरांनीं काढलें तर ऐन जोराच्या वेळीं नळींतला दाब कोसळतो. खर्च जमेपेक्षां वाढला कीं शिल्लक संपते, तसें हें आहे. मग मोठ्या मापाचा पंप बसवावा लागतो, किंवा पट्ट्यावर चालणारा दुसरा पंप जोडीला द्यावा लागतो. त्या दोन पंपांना पुरेल एवढें इंधन टाकीकडून यावयास हवेंच. यंत्र कितीहि नवें झालें तरी गच्चीवरची नळी कांहीं सुटत नाहीं.

आतां सुधारणांचा क्रम सांगतों. जो क्रम भाच्यानें उलटा धरला तोच हा.

सर्वांत आधीं दाबमापक बसवावा. मुख्य पंपाच्या तोंडाशीं येणाऱ्या इंधनाचा दाब किती आहे, तें चालकाला बसल्या जागीं दिसलें पाहिजे. आणि तो आंकडा ट्रक उभा असतांना वाचून समाधान मानूं नये. उभ्या गाडींत दाब चांगलाच दिसतो. ओझें मागें असून चढावर पट्टी पूर्ण दाबली असतां जो आंकडा दिसतो तो खरा. परीक्षेच्या दिवशीं फळा पुसून ठेवणारा विद्यार्थी हुशार असतोच असें नाहीं. उत्तरपत्रिका पाहावी लागते.

दुसरी पायरी पुरवठ्याच्या पंपाची. पुष्कळ गाड्यांत हा पंप एंजिनाला लागून, टाकीपासून दूर असतो. कांहींत तर तो वेगळा नसतोच, आणि मुख्य पंपच आपल्या बळानें टाकींतून ओढून घेतो. येथें विज्ञानाचा एक जुना धडा उपयोगी पडतो. आडाच्या तोंडाशीं बसविलेला हातपंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. पण खरोखर पंप पाणी ओढीत नाहीं. तो नळींतील हवा कमी करतो, आणि बाहेरच्या वातावरणाचा भार पाण्याला वर ढकलतो. हा भार समुद्रसपाटीवर दर चौरस इंचास १४.७ पौंड, म्हणून तसल्या पंपानें सुमारे ३४ फुटांपलीकडे पाणी चढत नाहीं, मग पंप कितीहि बळकट असो. ट्रकमध्यें तेंच घडतें. टाकीपासून ओढणाऱ्या पंपापर्यंत इंधन येतें तें केवळ या १४.७ पौंडांच्या बळावर. नळी लांब असेल, अरुंद असेल, तिला वळणें असतील, तर हें भांडवल वाटेंतच संपतें. मग इंधनांत वाफेचे बुडबुडे निघतात, आणि एखादा सांधा किंचित् सैल असेल तर बाहेरची हवा आंत शिरते. पंप मात्र टाकीजवळ, तिच्या पातळीच्या आसपास बसविला, तर ओढ थोडी आणि पुढची सर्व वाट ढकलण्याची. ढकलण्याला वातावरणाची मर्यादा नाहीं.

भाच्याचा ट्रक त्या घाटांतच कां थकला, याचें उत्तर येथें मिळतें. ११,००० फुटांवर वातावरणाचा भार समुद्रसपाटीच्या मानानें सुमारे दोनतृतीयांशच उरतो. म्हणजे चढ, ट्रेलर आणि मोठे इंजेक्टर या तिघांनीं मिळून इंधनाची मागणी कमाल केली, नेमक्या त्याच ठिकाणीं इंधन ढकलणारें बळ एकतृतीयांशानें घटलें. सपाट रस्त्यावर जो पुरवठा जेमतेम पुरे, तो तेथें तोकडा पडला. थंडाव्यावांचून आणि वंगणावांचून मुख्य पंप आंतून घासला गेला, आणि त्याच्या दुरुस्तीला इंजेक्टरांच्या किमतीहून अधिक पैसे पडले. हें मी भाच्याला तेथेंच जमिनीवर खडूनें आकृति काढून समजावून दिलें. तो म्हणाला, ‘मामा, हें तुम्ही आम्हांला सातवींत शिकविलें होतें.’ मीं म्हटलें, ‘अरे, तेव्हां तुला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, तेंच माझें चुकलें.’

तिसरी पायरी नळ्यांची व सांध्यांची. तीन सुती नळीच्या जागीं चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची नळी टाकली, तर तिचें तोंड पावणेदोनपटीहून मोठें होतें. पण तेवढाच प्रवाह नेण्यास लागणारा दाब एकतृतीयांशाहूनहि कमी होतो. थोड्या खर्चांत एवढा लाभ दुसऱ्या कोणत्याहि बदलानें होत नसेल. सांध्यांकडेहि पाहावें. कांहीं ठिकाणीं पोकळ बोल्टांतून इंधन काटकोनांत वळवून नेलेलें असतें. त्या बोल्टांतलीं छिद्रें नळीहून फार लहान असतात. मोठी नळी आणून तिच्या टोकाला तेंच छिद्र ठेवलें, तर ती मेहनत फुकट.

चौथी पायरी गाळण्यांची. मुख्य पंपाच्या दट्ट्यांत आणि त्याच्या घरांत अंतर असतें दोन-चार मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्याला न दिसणारी धूळ त्या फटींत सहाणेसारखें काम करते. पाण्याचा अंश तर याहून घातक. तें पोलाद गंजवितें, आणि इंजेक्टरच्या तापलेल्या टोंकाशीं त्याची वाफ होऊन टोंक फुटूं शकतें. हवेचें उपद्व्याप वेगळे. इंधन दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते; म्हणून हवामिश्रित इंधनाचा फवारा ना वेळेवर सुटतो, ना पुरता. प्रवाह वाढविला कीं टाकींतली घुसळण वाढते आणि फेसहि वाढतो. यास्तव वाढीव शक्तीच्या ट्रकवर पाणी वेगळें काढणारी एक आणि बारीक धूळ अडविणारी दुसरी अशा दोन गाळण्या ठेवून, हवेला टाकींत परत जाण्याची वाट करून देतात. गाळणी तुंबली कीं दाब उतरतो. तें प्रथम कोण सांगतें? पहिल्या पायरीवर बसविलेला दाबमापक.

एवढें झाल्यावर पांचवी पायरी मुख्य पंपाची, आणि मग सहावी इंजेक्टरांची. इंजेक्टर घ्यावयाचे तर सहाहि एका मापाचे, यंत्रावर तपासून जुळविलेले घ्यावे. पांच सिलिंडरांना तीन थेंब आणि सहाव्याला चार असें झालें, तर चार खाणाऱ्याचा दट्ट्या आधीं जळतो. ज्या सहाव्या पायरीपासून माझ्या भाच्यानें आरंभ केला ती ही.

इंधनाची व्यवस्था झाली तरी हवेची राहते. एक किलो डिझेल पुरतें जाळावयास हिशेबानें साडेचौदा किलो हवा लागते. काळा धूर होऊं द्यावयाचा नसेल तर प्रत्यक्षांत अठरा-वीस किलो किंवा अधिक द्यावी लागते. म्हणून टर्बोचार्जर इंधनाच्या मानानें मोठा हवा. धुराड्यांत, टर्बोचार्जरच्या अलीकडे, उष्णतामापक बसविणेंहि तितकेंच आवश्यक. तेथें १२५० ते १३०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सेंटिग्रेडमध्यें पावणेसातशें ते सातशें अंश, ही लांब चढावरची मर्यादा जाणते लोक मानतात. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, आणि दट्टे अॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूचे असतात. त्यांना खालून वंगणतेल थंड ठेवतें म्हणून ते टिकतात. पण त्या सोसण्यालाहि अंत आहे. यापुढें क्लच आणि गिअरबॉक्स हा जोर पेलतील काय, आणि ब्रेक वाढलेल्या वेगाला आवरतील काय, हेंहि पाहावें लागतें. ओढणारें बळ विकत घेतांना रोखणारें बळ विसरणारा मनुष्य घाट चढेल. उतरण्याचा भरंवसा नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. न जळलेलें इंधन काजळी होऊन बाहेर पडतें, आणि हवा आपल्या एकट्याची नसते. नव्या डिझेल गाड्यांवर काजळी अडविणारीं व विषारी वायु कमी करणारीं साधनें बसविलेलीं असतात. शक्ति वाढविण्याच्या हव्यासांत तीं उपटून टाकण्याचा प्रघात अमेरिकेंत पडला. तेथील पर्यावरण-संरक्षण खात्यानें नोव्हेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, त्यापूर्वींच्या सुमारे दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांवरून तीं काढली गेलीं होतीं. तेथील स्वच्छ हवेच्या कायद्यानें हें निषिद्ध आहे. कायदा बाजूस ठेवला तरी साधा हिशेब असा कीं, काळा धूर हें बळाचें लक्षण नव्हे. तो पैसे देऊन घेतलेल्या, पण कामास न आलेल्या इंधनाचा धूर आहे. ज्याच्या चुलींतून धूर फार निघतो त्याच्या घरीं स्वयंपाक चांगला होतो, असें कोणतीहि गृहिणी म्हणणार नाहीं.

भाच्याच्या ट्रकचें पुढें काय झालें तें सांगून थांबतों. आम्ही टाकीपासून आरंभ केला. टाकीजवळ नवा पुरवठ्याचा पंप बसविला, अर्ध्या इंची नळी टाकली, दोन गाळण्या जोडल्या, समोर दाबमापक आणि उष्णतामापक लावले. मुख्य पंप नवा घेतला. मोठे इंजेक्टर मात्र मिस्त्रीनें काढून ठेवावयास लावले आणि त्यांहून लहान मापाचे जुळविलेले सहा घातले. भाचा थोडा हिरमुसला. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यांत तो त्याच घाटानें, त्याच ट्रेलरसह, मुलांना घेऊन गेला. बोगद्याच्या पलीकडे उतरल्यावर त्यानें मला फोन केला. या खेपेस गाडीला पंख फुटल्याचें त्यानें सांगितलें नाहीं. म्हणाला, ‘मामा, सबंध चढावर कांटा १२ पौंडांच्या खालीं आला नाहीं, आणि मुलें मागें झोपलीं आहेत.’

श्रोतेहो, आपल्यापैकीं फारच थोड्यांना ट्रकचे इंजेक्टर बदलण्याचा प्रसंग येईल. पण घरचा नवा नळ, नवा दिवा, नवें यंत्र घेतांना त्याच्या मागची नळी आणि तार किती पेलते, एवढें आधीं पाहण्याची संवय लागली, तरी आजचें हें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.